देवस्थळींचे पहिले अकरा

देवस्थळींना फुटबॉल आवडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून तुमचा भलताच समज होईल. टीव्हीवर सामना लागला की ते उठून गॅलरीतले कपडे काढायला जातात. कपडे वाळत घातलेले नसले तरी जातात. ऑफसाइड म्हणजे काय हे मी त्यांना दोनदा समजावायला गेलो, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला मध्येच थांबवून इथल्या, म्हणजे जपानी, तांदळाची खिचडी कितपत गिच्च होते याची चौकशी केली. आणि याच गृहस्थांना इंग्लंडातल्या एका आडगावच्या फुटबॉल क्लबाचे अगदी पहिले अकरा खेळाडू तोंडपाठ आहेत. कोण कुठे उभा राहायचा, कोण पोटासाठी काय करायचा, कुणाचा बाप दारुडा होता आणि कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, इथपर्यंत.

क्लबाचं नाव मी सांगणार नाही. गाव लहान आहे, आणि तिथे देवस्थळी आडनावाचा माणूस शोधायला कुणालाही फार वेळ लागणार नाही.

आमची ओळख योकोहामातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये झाली. पुण्याहून कंपनीनं पाठवलेला मी नवाकोरा इंजिनीअर, दोन बॅगा, बायको आणि तिच्या कडेवर सई. देवस्थळींनी आमच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बॅगांना विमानतळावर लावलेल्या चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाले, "दोन्ही बरोब्बर तेवीस किलो? डिस्क्रेपन्सी आहे." मी कसनुसा हसलो. चौथा मजला येईपर्यंत मला एवढं कळलं होतं, की पिम नावाचा कुणी गोलकीपर मुळात पाववाला होता आणि पहाटेपासून भट्टीवर उभा राहिल्यामुळे दुपारी गोलात पेंगायचा. मी म्हटलं, "हो का?" ही दोन अक्षरं मला नऊ वर्षं भोवताहेत.

देवस्थळी आयुष्यभर बँकेत होते. एका भारतीय बँकेच्या इथल्या शाखेत निर्यातीचे कागद तपासायचं त्यांचं काम. जहाजावर माल चढला की त्याचे कागद बँकेत येतात, आणि शब्दाला शब्द जुळला तरच पुढचा व्यवहार होतो. बिलात 'पेट्या' आणि बोटीच्या पावतीत 'खोकी' असं निघालं, की देवस्थळी 'डिस्क्रेपन्सी' म्हणून सगळा गठ्ठा लाल खुणा करून परत पाठवत. माल खरा आहे का, चांगला आहे का, बंदरात सडतोय का, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. "तुम्ही काय म्हणता ते राहू द्या," ते म्हणत, "कागद काय म्हणतो?" निवृत्तीच्या वेळी बँकेनं त्यांना घड्याळ दिलं. त्यावर कोरलेली रुजू झाल्याची तारीख चुकीची होती. घड्याळ परत गेलं, ते अजून आलेलं नाही.

त्यांच्या खिशात कायम एक पेन्सिल असते, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. जुळलं तर निळी टिक, नाही जुळलं तर लाल फुली. दर दोन-तीन महिन्यांनी ते स्टेशनजवळच्या दुकानातून नवी आणतात, कारण लाल टोक संपतं. निळं तसंच्या तसं असतं.

या पेन्सिलीतून कुणी सुटलेलं नाही. आमची प्लास्टिकच्या बाटल्यांची पिशवी एकदा कचऱ्याच्या जागेवरून आमच्याच दारात परत आली. सोबत चिठ्ठी: झाकणं काढलेली नाहीत, बाटली क्रमांक दोन, पाच आणि सहा. बाटल्यांना क्रमांक त्यांनीच घातले होते. आमचे केअरटेकर मोरिता-सान त्यांना इतकं वाकून नमस्कार करतात, की मला त्यांच्या कमरेची काळजी वाटते. टोकियोतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली, तर तीही लाल होऊन परत गेली, कारण तारीख आणि वार जुळत नव्हते. बरोबरच होतं त्यांचं. पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या, आणि नव्यातली एकही देवस्थळींकडे आली नाही. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, लग्नासाठी बाहेर काढलेली पैठणी मुकाट्यानं पुन्हा कपाटात गेली.

मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना एकदा 'जपानमधलं माझं आयुष्य' या विषयावर दहा मिनिटं दिली होती. माइक हातात घेऊन त्यांनी सुरुवात केली, "गोलकीपर, पिम." लोकांना वाटलं, काहीतरी गंमत आहे. गंमत नव्हती. पिमनंतर उजवा बॅक क्रॅडॉक आला ("हा माणूस सरळ नव्हता"), आणि डाव्या बॅकच्या आजारी आईपर्यंत गाडी पोचली तेव्हा सेक्रेटरीनं सरळ आरती सुरू केली. पुढच्या वर्षी कुणी न बोलावता देवस्थळी स्टेजवर चढले आणि म्हणाले, "मागच्या खेपेला डाव्या बॅकपर्यंत आलो होतो." एका पोरानं उत्साहानं विचारलं, की काका, तुमची टीम सध्या कुठल्या डिव्हिजनमध्ये आहे? "मला काय माहीत?" देवस्थळी म्हणाले. "आजचा एकही माणूस माझ्या ओळखीचा नाही." तेव्हापासून मंडळानं त्यांना प्रसादाच्या रांगेवर नेमलंय. तिथे ते कुणाला दोन मोदक जात नाहीत ना, ते बघतात.

हा सगळा खटाटोप एका प्रश्नासाठी होता: क्लब काढला कुणी? छापील इतिहास म्हणतो, गावच्या चर्चमध्ये रविवारी बायबलचा वर्ग भरायचा, त्यातल्या तरुणांनी. देवस्थळींना मात्र तो रेल्वे वर्कशॉपच्या कामगारांनी काढलेला हवा होता. नुसता हवा नव्हता, त्याला कागद हवा होता. म्हणून ते एकेक खेळाडू धरून त्याचं मूळ खणत. पिम पाववाला निघाला तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत नीट. दोन टटल भावांपैकी थोरला रेल्वेत फिटर असावा असा पुसटसा धागा मिळाला, तेव्हा खालच्या कोम्बिनी दुकानात जाऊन त्यांनी मला आइस्क्रीम घेऊन दिलं. नऊ वर्षांत एकदाच. 

पत्रव्यवहार चाले तो त्या क्लबाचं जुनं दप्तर सांभाळणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेशी. कागदावर, पोस्टानं. ईमेलला देवस्थळी कागद मानत नाहीत, कारण त्याला सही नसते. बाईंचं पत्र आलं की ते आदल्या दिवशी एकटे वाचत, आणि रविवारी सकाळी मला वर बोलावत. जुन्या बँकांतली पद्धत होती ती: एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ओळीओळीला टिक करायची, म्हणजे डोळ्यांची चूक कान पकडतात. मी कोतात्सूत, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाखाली, पाय घालून वाचायचा. ते पत्राची प्रत पुढ्यात घेऊन पेन्सिल धरून बसायचे. ओळ जुळली की टिक, आणि टिक झाली की म्हणायचे, "पुढे." सगळं झालं की, "टॅली." मग काकू चहा आणायच्या. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतो. माझे वडील शब्दकोडी सोडवतात, हे पिमला सोडवतात.

एका रविवारी मी जरा लवकर गेलो. देवस्थळी खाली कचऱ्याच्या जागेवर कुणाची तरी पिशवी तपासत होते. काकू रवा भाजत होत्या. त्यांच्या घरात एक खोली कायम बंद असते, ती त्या दिवशी झाडण्यासाठी उघडी होती. आत एक अभ्यासाचं टेबल, आणि फळीवर इथल्या शाळकरी पोरांचं असतं तसं काळं चामडी दप्तर. 

"निखिलची खोली," काकू म्हणाल्या. त्यांना मुलगा आहे हे मला सहा वर्षांत कळलं नव्हतं.

निखिल इथेच वाढला, शिकायला इंग्लंडला गेला, तिथेच नोकरीला लागला. त्याच गावात. पहिल्या वर्षी त्यानं बापाला एकच पत्र लिहिलं. मराठीत, आठ पानं. मराठी लिहायची सवय नाही, एकेक अक्षर चित्रासारखं काढलेलं. लिहिलं होतं, की इथे कुणाशी बोलणंच होत नाही, खोलीवर येऊन नुसता बसतो. मग एका शनिवारी घरमालक म्हाताऱ्यानं त्याला मैदानावर नेलं, चहा पाजला, आणि सांगितलं की हा क्लब रेल्वे वर्कशॉपच्या माणसांनी काढलाय. निखिलचे आजोबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. तर त्यानं लिहिलं, बाबा, मला एकदम आपल्या घरी आल्यासारखं वाटलं.

"आणि ह्यांनी काय करावं?" काकू रवा हलवत म्हणाल्या. "त्या गावच्या लायब्ररीला पत्र घालून खातरजमा केली. तिथून आलं, की रेल्वे नाही, चर्चचा वर्ग. मग ह्यांनी निखिलच्या पत्रावर लाल फुली मारली, चिठ्ठी जोडली आणि परत पाठवून दिलं. 'एक विसंगती आढळली. दुरुस्त करून पाठवणे.' आठ पानांत ह्यांना तेवढंच दिसलं रे."

त्यानंतर पत्र आलं नाही. काकूंशी तो फोनवर बोलतो. काकू त्यासाठी खाली नदीकाठी जाऊन बसतात. "ह्यांच्याकडे फोन दिला की त्याच्याकडचं नेटवर्क जातं," त्या म्हणाल्या. बँकेतल्या सवयीप्रमाणे देवस्थळींनी पत्र परत करण्यापूर्वी त्याची झेरॉक्स काढून ठेवली होती. मुलगा बरोबर होता असा कागद ज्या दिवशी हाती येईल, त्या दिवशी तिच्यावर निळी टिक करून ती निखिलला पाठवायची, असं त्यांचं ठरलेलं होतं. नुसतं 'चुकलं' असं लिहून पाठवा, असं काकूंनी हजारदा सांगून पाहिलं. त्यावर देवस्थळी म्हणाले, "आधाराशिवाय कसं लिहू?"

डोंबिवलीला काकूंच्या बहिणीशेजारी फ्लॅट घेऊन ठेवलाय, पण देवस्थळी जपान सोडत नाहीत. मुलाचं गाव हेच, उद्या आला तर येणार कुठे, म्हणतात. काकूंनी गॅस बंद केला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मला देवस्थळींचा इतका राग आला की शिरा न खाताच मी खाली आलो. घरी सईनं काढलेलं चित्र दाखवलं, आमची इमारत, खिडक्याखिडक्यांत माणसं. मी म्हटलं, "छान आहे, पण मजले सात आहेत, तू सहाच काढलेस." तिनं चित्र काढून घेतलं. काय झालं गं, विचारलं, तर जपानीत म्हणाली, "बेत्सुनि." म्हणजे विशेष काही नाही. मग राग आणखीच वाढला, आणि तो नक्की कुणाचा, हे मी फारसं तपासलं नाही.

बाईंचं शेवटचं पत्र गेल्या हिवाळ्यात आलं. पाकीट जाड होतं. रविवारी मी वर गेलो तर देवस्थळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते, बँकेत जायचे तसा. पुढ्यात पत्र आणि त्याची प्रत, बाजूला निखिलच्या पत्राची झेरॉक्स, एक कोरं पाकीट आणि खोडरबर. पेन्सिलीला दोन्हीकडून टोक केलं होतं.

मी वाचायला लागलो. बाईंना रेल्वे वर्कशॉपचं एक जुनं हजेरीपुस्तक सापडलं होतं. पहिल्या अकरांपैकी सात जणांची नावं त्यात होती, थोरले आणि धाकटे टटल दोघेही, आणि तो वाकडा क्रॅडॉकसुद्धा. आठवडाभर ही माणसं वर्कशॉपमध्ये राबत, आणि रविवारी अंघोळ करून चर्चच्या वर्गाला बसत. क्लब तिथे बसून ठरला, पण काढला रेल्वेच्या माणसांनी. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बाईंनी पानाची प्रतही जोडली होती.

देवस्थळी ओळीओळीला निळी टिक करत होते. "पुढे. पुढे." मी थांबून म्हटलं, "काका, म्हणजे निखिल बरोबरच होता."

"दोघंही बरोबर होते," ते म्हणाले. "डिस्क्रेपन्सी नव्हतीच. पुढे."

पुढचा परिच्छेद मी आधी मनात वाचला. मी तो गाळून सरळ खालचं "आपली विश्वासू" वाचलं आणि पत्राची घडी घालायला लागलो.

पेन्सिल हलली नाही. "पाटणकर, त्याच्याआधी एक परिच्छेद आहे."

"तो असाच आहे काका. कामाचा नाही."

"कागदात कामाचं आणि बिनकामाचं नसतं. वाचा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आदल्या दिवशी त्यांनी तो एकट्यानं वाचलेला होता. वाचून, सकाळी शर्टाला इस्त्री करून, मला बोलावलं होतं. डोळ्यांची चूक कान पकडतात. आपले डोळे चुकले असतील, एवढी एकच आशा त्यांना उरली होती, आणि ती मी वाचून संपवायची होती.

मी वाचलं. बाईंनी लिहिलं होतं, की तुम्हाला गंमत वाटेल, आमच्या गावातही एक देवस्थळी आहेत. दर शनिवारी सकाळी मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला येतात, फार सभ्य आणि अबोल मनुष्य. तुमची सगळी पत्रं मी त्यांना दाखवली. त्यांनी अक्षराकडे बराच वेळ पाहिलं आणि पत्रं मला परत दिली. तुमचं काही नातं आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नाही, आमच्याकडे हे आडनाव घरोघर असतं.

मी पुण्यात अर्धा जन्म काढलाय. देवस्थळी आडनावाची माणसं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही भेटलेली नाहीत. मला त्या निखिलचा भयंकर संताप आला. आठ पानांच्या पत्राला एवढी वर्षं शिक्षा? मग समोर बसलेल्या माणसाचा आला, की एका पोराच्या एकटेपणावर याला फुली मारवली कशी? आणि मग कुणाचाच येईना.

देवस्थळींनी पेन्सिल फिरवून लाल टोक खाली केलं. विधान खोटं होतं, आणि ते खोटं असल्याचा पुरावा पांढरा शर्ट घालून तिथेच बसला होता. ते टोक त्या ओळीवर तसंच थोडा वेळ राहिलं. मग त्यांनी पेन्सिल पुन्हा उलटी केली आणि ओळीपुढे निळी टिक केली. मी पाहिलेली त्यांची पहिलीच खोटी टिक.

नंतर त्यांनी झेरॉक्स पुढे ओढली आणि तिच्यावरची फुली खोडरबरानं खोडायला लागले. पण झेरॉक्स फुलीनंतर काढलेली होती. लाल रंग तिच्यात काळा झाला होता, निखिलच्या अक्षरांइतकाच, आणि छापलेला काळा खोडरबरानं जात नाही. हे कागदांत आयुष्य गेलेल्या माणसाला ठाऊक नसेल असं नाही. तरी ते कागदाचा भुगा निघेपर्यंत खोडत राहिले. स्वयंपाकघरात काकूंनी सोडलेला नळ मघापासून चालूच होता.

"पाठवायचं ना काका हे?" मी विचारलं. "हजेरीपुस्तकाच्या प्रतीसकट पाठवू. पाकीट मी टाकून येतो."

"कुणाला?" देवस्थळी म्हणाले.

त्यांनी कोरं पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि बाईंचा पत्ता घालायला सांगितलं. मग उत्तर सांगायला लागले, बँकेतल्या त्याच आवाजात. हजेरीपुस्तकाबद्दल आभार. सात नावं तपासली, सर्व जुळली. आमच्याकडून या विषयातला पत्रव्यवहार आता पूर्ण झाला आहे. एवढं सांगून ते थांबले, शर्टाची बाही नीट केली आणि म्हणाले, "शेवटचा मुद्दा लिहा. आपल्या गावच्या त्या गृहस्थांनी सांगितलं ते बरोबर आहे. आमचं नातं नाही. हे आडनाव आमच्याकडे घरोघर असतं. त्यांना याबाबत पुन्हा विचारून त्रास देऊ नये."

"काका..."

"लिहिलंत?"

"लिहिलं."

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता. त्यांनी माझ्या कागदावर वाकून प्रत्येक ओळीला टिक केली, शेवटच्या ओळीलाही, आणि सवयीनं म्हणाले, "पुढे."

पुढे काही नव्हतं.